खुरपे न घेता बागेत

१४ जानेवारी जवळ आला की आमच्या कोल्हारच्या वस्तीत दोन तयाऱ्या सुरू होतात. मोठी माणसे विद्यापीठ गेटला अभिवादन करायला जाण्याची तयारी करतात आणि पोरेसोरे वाघ पाहायला जाण्याची. नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला, अंमलबजावणीला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या साडेपंधरा वर्षांत किती घरे जळाली, किती माणसे गेली, हे या पानाच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. पण सात वर्षांच्या पोरीला ते कसे सांगायचे? तिला गेट म्हणजे गेट. त्यामुळे आमच्याकडे एक अलिखित करार झालेला आहे. सकाळी गेट, दुपारी सिद्धार्थ उद्यान. पोरे सकाळभर उन्हात रांगेत उभी राहतात ती दुपारच्या वाघाच्या भरवशावर.

२०२३ च्या जानेवारीत आम्ही आठजण निघालो. शहराचे नाव तेव्हा औरंगाबादच होते, पुढच्याच महिन्यात ते छत्रपती संभाजीनगर झाले. आमचा नगर जिल्हाही पुढे अहिल्यानगर झाला. नावे बदलायला आता सोळा-सोळा वर्षे लागत नाहीत, एवढेच इथे नोंदवतो. आमच्यात शेजारच्या आक्का होत्या. वय सत्तरीच्या आसपास. गेटला त्या दोनदा येऊन गेलेल्या, पण दोन्ही वेळा रात्रीच्या रात्री ट्रकने परतलेल्या. उद्यान त्यांनी पाहिलेले नव्हते. आदल्या संध्याकाळी मी त्यांना म्हणालो, "आक्का, उद्या दुपारी बागेत जायचं बरं का." त्या म्हणाल्या, "गुरुजी, बागंत जायचं म्हंजी खुरपं घ्यायचं का काय?"

सगळे हसले. आक्काही हसल्या. मी मात्र हसता हसता थांबलो. कारण त्यांनी विनोद केलाच नव्हता.

आमच्या भागात बाग या शब्दाचा अर्थच तो आहे. प्रवरेच्या या काठाला राहाता तालुक्यातले कोल्हार बुद्रुक, पलीकडे राहुरी तालुक्यातले कोल्हार खुर्द. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी हा सगळा पट्टा बागायत झाला. सहकारी साखर कारखानदारीचा पाळणा जिथे हलला ते लोणी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. राहात्याचा पेरू तर मुंबईपर्यंत जातो. बागायत आली, बागायतदार आले, आणि ज्यांना कालव्याने काहीच दिले नाही त्यांच्या वाट्याला बागेतले काम आले. आमच्या आयाबहिणींनी साठ-सत्तर वर्षे बागा पाहिल्या त्या वाकून पाहिल्या, निंदताना, खुरपताना, पेरू तोडून क्रेट भरताना. बागेत सरळ पाठीने उभे राहून वर झाडाकडे पाहायला सवड कुणाला होती? आणि काम नसताना बागेत पाय टाकला तर पहिला प्रश्न ठरलेला, "काय पाहिजे रे?" लहानपणी मीही तो प्रश्न ऐकला आहे. खाली पडलेला एक पेरू उचलला म्हणून ऐकला आहे. त्या मालकाचे नाव इथे लिहीत नाही, त्याची नातवंडे आज माझ्याशी चांगली वागतात.

एसटीने निघालो. कोल्हारहून श्रीरामपूर, तिथून नेवाशावरून पुढे. बायकांना तेव्हा अर्धे तिकीट नव्हते, ते मार्च २०२३ मध्ये सुरू झाले. त्यामुळे आठ माणसांचा हिशेब चांगलाच झाला. नेवाशाच्या पुढे प्रवरासंगम लागते. आमच्या गावाखालून वाहत आलेली प्रवरा इथे गोदावरीला मिळते आणि पुढे हे पाणी पैठणच्या जायकवाडीत, नाथसागरात जाते. नाथसागराच्या परिसराला १९८६ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात परदेशातून पाखरे येतात ती इथेच. बसमधून मी नातीला लांबवर पाणी दाखवले. ती म्हणाली, "आबा, पाखरांना तिकीट लागत नाही का?" मी म्हटले, त्यांना अजून तरी नाही.

गेटवरच्या गर्दीबद्दल वेगळे लिहायला नको. निळे झेंडे, पुस्तकांची दुकाने, गाण्यांचे कर्णे, खिचडी वाटणारी मंडळे. तासाभराने आक्कांचे पाय भरून आले. आम्ही नागसेनवनाच्या बाजूने बाहेर पडलो. बाबासाहेबांनी १९५० साली मराठवाड्यातल्या पोरांसाठी कॉलेज काढले, पुढे त्याला मिलिंद हे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा मिलिंद राजा आणि उत्तरे देणारा भिक्खू नागसेन. कॉलेजाला विचारणाऱ्याचे नाव दिले आणि त्या जागेला उत्तर देणाऱ्याचे. पण माझे लक्ष नेहमी शेवटच्या अक्षरांकडे जाते. वन. आमच्या माणसांच्या शिक्षणाची जागा म्हणजे नुसती इमारत नव्हे, तिला झाडी हवी, मोकळे मैदान हवे, हे त्या नावातच बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे.

तिथून सिद्धार्थ उद्यान चालत जाण्यासारखे आहे. मध्यवर्ती बसस्थानकाच्या शेजारीच. ज्यांनी हे बसस्थानक पाहिले आहे त्यांना सांगायला नको की शहरातला सगळा गोंगाट तिथे गोळा होतो. एसटीचे भोंगे, रिक्षावाल्यांची ओढाताण, उसाच्या रसाच्या घुंगरांचा आवाज, डिझेलचा धूर. या सगळ्यातून आपण फाटकात शिरतो, तिकिटे काढतो, वीस-तीस पावले टाकतो आणि आवाज मागे राहतो. एकदम बंद होत नाही. पण तो आपल्या अंगावरून उतरतो. आधी आपलीच चप्पल ऐकू येते, मग साळुंक्या. दुपारची वेळ होती. तांबट पक्षी कुठल्याशा झाडावर बसून तांब्याच्या भांड्यावर ठोके मारल्यासारखा एका लयीत ओरडत होता. नात त्याला शोधत राहिली, सापडला नाही. राघूंचा एक थवा चिंचेवरून उठला आणि दुसऱ्या झाडावर जाऊन बसला. खारी तर माणसांच्या पायात. हिरवळीवर एक कॉलेजचा मुलगा पुस्तक उघडे ठेवून त्याच्याकडे न पाहता बसला होता. पलीकडे बुरख्यातल्या दोन बाया मुलांना डब्यातून भात भरवत होत्या. एक म्हातारे गृहस्थ टोपी तोंडावर घेऊन आडवे झाले होते. उद्यानात तथागतांची मूर्ती आहे. तिच्यासमोर आम्ही हात जोडले, आक्कांनी त्रिसरण म्हटले, आणि मग त्या एका झाडाखाली बसल्या.

बसल्या त्या बसल्याच. आम्ही वाघाकडे निघालो तर म्हणाल्या, "तुम्ही जा. मला वाघ नको. मी हितंच बसते." जाऊन आलो तेव्हा त्या पदर अंगावर ओढून गाढ झोपलेल्या होत्या. रखवालदार दोनदा समोरून गेला, त्याने काही विचारले नाही. दिवसाढवळ्या, बागेत, झाडाखाली, हाताला काम नसताना आणि "काय पाहिजे?" असे कुणी न विचारता आक्का झोपल्या होत्या. उठल्यावर मी विचारले तर म्हणाल्या, "आवाज न्हाई वो हितं. कुणी हाकच मारीना."

यात मोठे काय, असे कुणी म्हणेल. गरिबाला भाकरी नाही, नोकऱ्या गेल्या, आरक्षणावर कुऱ्हाड आली, आणि हे गुरुजी बागेतल्या झोपेचे कौतुक लिहीत बसले आहेत! आपल्याच चळवळीतले काही मित्र असे म्हणतात. त्यांना मी बाबासाहेबांचे १९४५ सालचे पुस्तक उघडायला सांगतो, काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले ते सांगणारे. त्यात गांधीवादाच्या प्रकरणात बाबासाहेब यंत्रांची बाजू घेतात. ती का घेतात? पशू आणि माणूस यांच्यात जो फरक आहे तो संस्कृतीचा, आणि संस्कृती फुरसतीशिवाय उभी राहत नाही, असा त्यांचा मुद्दा आहे. पोटासाठी राबण्यातच ज्याचा सगळा दिवस जातो त्याला पशूचेच जिणे जगावे लागते. म्हणून यंत्र हवे, आणि यंत्राने वाचवलेला वेळ सगळ्यांच्या वाट्याला यावा अशी समाजरचना हवी. हा विचार त्यांनी कागदावर ठेवला नाही. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे काम पाहताना कारखान्यातल्या कामगारांना पगारी सुट्टी आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा यासाठीची विधेयके त्यांनीच मांडली. फुरसत ही चैन नाही, ती मागणी आहे. शेतमजूर बाईला मात्र ती आजही मिळालेली नाही.

आणि बाबासाहेबांचे स्वतःचे काय? परळच्या चाळीतली एक खोली, त्यात सगळे कुटुंब. अभ्यासाला कोपरा नाही. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन पुस्तक वाचत बसायचा. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी यायचे. रोज एकटा वाचत बसणारा मुलगा त्यांनी पाहिला, चौकशी केली. पुढे १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा अभिनंदनाची सभा भरली, अध्यक्ष होते सी. के. बोले, आणि केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात ठेवले. याच बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला, आणि त्याच ठरावाच्या बळावर १९२७ साली महाडचे चवदार तळे झाले. आता विचार करा. मुंबईसारख्या गजबजलेल्या शहरात ती बाग नसती, किंवा तिच्या दारावर त्या मुलाला कुणी "काय पाहिजे?" विचारले असते, तर त्या दोघांची गाठ कुठे पडली असती?

शहरातल्या शांत बागेचे महत्त्व तथागतांच्या काळातही ठाऊक होते. राजगृह हे मगधाच्या राजधानीचे गजबजलेले नगर. बिंबिसार राजाने तथागतांना राहायला जागा द्यायचे ठरवले तेव्हा त्याने काय पाहिले, ते विनयपिटकात आले आहे. जागा गावापासून फार दूर नको, फार जवळही नको. ज्याला यावेसे वाटेल त्याला जाता-येता आले पाहिजे. दिवसा तिथे गर्दी नसावी, रात्री आवाज नसावा. अशी जागा म्हणून त्याने वेळुवन दिले. त्या वेळुवनात एक भाग होता कलंदकनिवाप, म्हणजे खारींना खाऊ घालण्याची जागा. राजगृहातच मोरनिवापही होते, मोरांना दाणा टाकण्याची जागा. पहिला उपदेश झाला तो तर मृगदायात, हरणांच्या वनात. पुढे सम्राट अशोकाने राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी स्तंभावर कोरून घेतले की अमुक अमुक प्राणी मारायचे नाहीत. त्या यादीत राघू आहे, साळुंकी आहे, हंस आहे, वटवाघूळ आहे, साळिंदर आणि खारसुद्धा आहे. बावीसशे वर्षांपूर्वीच्या त्या यादीतली निम्मी पाखरे त्या दुपारी आमच्या डोक्यावर ओरडत होती.

आता वाघाकडे वळतो, कारण इथे माझे मन दोन्हीकडे ओढले जाते.

नातीला विहारातल्या रविवारच्या वर्गात सिद्धार्थ आणि हंसाची गोष्ट शिकवलेली आहे. देवदत्ताने बाण मारला, सिद्धार्थाने हंस वाचवला, आणि न्याय झाला तो असा की जीव घेणाऱ्यापेक्षा जीव वाचवणाऱ्याचा हक्क मोठा. उद्यानाचे नाव सिद्धार्थ म्हटल्यावर ती हंस शोधत आलेली. पिंजऱ्यापुढे ती बराच वेळ गप्प उभी राहिली. पिवळा वाघ भिंतीच्या कडेकडेने जात होता, कोपऱ्यात वळत होता, परत येत होता. परत वळत होता. त्या दगडी कडेला त्याच्या चालण्याची वाट पडल्यासारखी दिसत होती. नात म्हणाली, "आबा, हा कुणी वाचवलेला आहे की कुणी पकडलेला?"

मी शिक्षक माणूस, उत्तर दिले पाहिजे. मी सांगितले की हे वाघ बहुतेक इथेच जन्मलेले आहेत. इथल्या समृद्धी वाघिणीला २०१९ साली चार आणि २०२० साली पाच बछडे झाले. शक्ती आणि करिश्मा ही जोडी इथूनच २०२० साली मुंबईच्या राणीच्या बागेत नेली. म्हणजे ना वाचवलेला, ना पकडलेला. जन्मानेच पिंजऱ्यातला. हे वाक्य तोंडातून गेले आणि माझे मलाच ते टोचले.

पांढऱ्या वाघाचेही असेच. त्याच्यापुढे गर्दी जास्त, फोटो जास्त. पांढरा वाघ ही काही वेगळी जात नाही, तो आपल्याच वाघाचा रंग बदललेला वंश आहे. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला, जगभरच्या पिंजऱ्यांतले बहुतेक पांढरे वाघ त्याच्याच वंशाचे. रंग टिकावा म्हणून नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्या, आणि त्यातून तिरळे डोळे, वाकडी हाडे, कमजोर पिल्ले निपजली. गटाबाहेर लग्न होऊ न देणे हाच जातीचा गाभा, असे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियातल्या निबंधात मांडले होते. पांढऱ्या वाघापुढे उभा राहिलो की मला तो निबंध आठवतो. लोक म्हणतात, काय सुंदर आहे!

आम्ही कोल्हारकरांना जंगली जनावर नवे नाही. आमच्या उसात बिबट्या असतो. रात्री पाणी भरायला जाणारा, पहाटे तोडीला जाणारा, उसाच्या कडेला कोप्यांत झोपणारा, हे सगळे बिबट्याच्या शेजारीच राहतात, आणि ती माणसे कोणत्या समाजाची असतात हे सांगायला नको. प्रवरेच्याच खोऱ्यात वर अकोल्याच्या परिसरात अभ्यासकांनी कॅमेरे लावून मोजले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे निघाले, तेही जंगलात नव्हे, शेतीत आणि वस्तीत. वन खाते पिंजरा लावते, बिबट्या सापडला की लोक मोबाईल घेऊन धावतात. अशी काही जनावरे जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या केंद्रात आयुष्य काढतात. म्हणून वाघ पाहताना आमच्या माणसांच्या डोळ्यांत नुसते कौतुक नसते. थोडी भीती असते आणि थोडी ओळखही असते. आमच्यातला एक तोडकरी पोरगा पिंजऱ्याकडे पाहून म्हणाला, "याला निदान मटण टायमावर मिळतं." तो हसला नाही.

माणसांनाही असे पिंजऱ्यात ठेवून दाखवले गेले आहे. १९०६ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा नावाचा आफ्रिकी तरुण माकडांच्या घरात लोकांना पाहायला ठेवला होता. काळ्या धर्मगुरूंनी आवाज उठवला तेव्हा तो बाहेर निघाला. दहा वर्षांनी त्याने स्वतःला संपवले. बाबासाहेब त्या शहरात शिकायला पोचले ते १९१३ साली. त्या संस्थेने जाहीर माफी मागितली ती २०२० मध्ये, एकशे चौदा वर्षांनी. अमेरिकेतल्याच मेंफिस शहरात काळ्या माणसांना प्राणिसंग्रहालय पाहायला आठवड्यातला एकच दिवस असायचा, १९६० पर्यंत. इतर दिवशी फाटक बंद. म्हणजे बागेचे फाटक कुणाला उघडते, हा प्रश्न फक्त आपल्याच देशातला नाही. महाडच्या तळ्यावर गुरे पाणी पीत होती आणि आपल्याला मनाई होती, ही आठवण असलेला माणूस जनावराचा द्वेष करू शकत नाही. गुरांना पाणी मिळाले म्हणून आपले भांडण नव्हते, आपल्याला मिळाले नाही म्हणून होते.

तेव्हा जनावरांना जागा मिळाली पाहिजे याबद्दल माझे दुमत नाही. २००४ साली मी याच उद्यानात हत्ती पाहिले होते. २००९ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत असा आदेश काढला आणि पुढे इथल्या सरस्वती आणि लक्ष्मी या मायलेकी विशाखापट्टणमला गेल्या. बरे झाले. याच प्राधिकरणाने २०१८ साली जागा अपुरी आणि इतर त्रुटी दाखवून इथल्या प्राणिसंग्रहालयाच्या मान्यतेवरच बोट ठेवले. शहराबाहेर मिटमिट्याला शंभर एकरांवर सफारी पार्क करून सगळी जनावरे तिकडे हलवायची असे ठरलेले आहे. वाघाच्या बाजूने पाहिले तर हे योग्यच आहे. कोपऱ्यात वळणारा तो वाघ पाहिलेला कुणीही याला विरोध करणार नाही.

पण आक्कांच्या बाजूने कोण पाहणार? मिटमिटा बसस्थानकापासून आठ-दहा किलोमीटर. खेड्यातून एसटीने उतरलेल्या आठ माणसांना तिथे जायचे म्हणजे रिक्षा, परतायचे म्हणजे रिक्षा, आणि मध्ये सफारीच्या गाडीचे तिकीट. मोटारीतून येणाऱ्यांना हे अंतर काहीच नाही. नवे झाले की तिकीट वाढते, हा अनुभव मुंबईचा आहे. राणीच्या बागेत पेंग्विन आले आणि ऑगस्ट २०१७ पासून मोठ्या माणसाचे पाच रुपयांचे तिकीट पन्नास झाले. चौघांच्या कुटुंबाला शंभरात सोडतात, हे खरे. पण हा हिशेब आईबाप आणि दोन मुलांचा, पगारदारांच्या घराचा आहे. आमच्याकडे आजी असते, आत्या असते, शेजारची आक्का असते. आमचे कुटुंब त्या पाटीत बसत नाही. १८६२ सालची ती बाग, गिरणगावाच्या उंबरठ्यावर, किती पिढ्यांच्या कामगारांनी रविवारी तिथे पोरे नेली असतील!

माझी खरी धास्ती वाघ गेल्यानंतरची आहे. वाघ गेल्यावर बसस्थानकाला लागून असलेली ही मोक्याची जागा मोकळी दिसू लागेल. मग कुणाला तिथे पार्किंग सुचेल, कुणाला दुकाने, कुणाला खासगी कंत्राटावर मनोरंजन नगरी. झाडे आहेत, राघू आहेत, खारी आहेत, आक्का आहेत, हे कागदावर कुठे दिसते? उद्यान म्हणजे वाघाचा पिंजरा नव्हे. वाघ मिटमिट्याला जाऊ दे, सुखाने जाऊ दे. पण पिंजरे निघालेल्या जागेवर झाडेच लागली पाहिजेत, पाखरांना पाणी राहिले पाहिजे, आणि तिकीट एसटीने आलेल्या माणसाला परवडेल एवढेच राहिले पाहिजे. मिटमिट्याला बसस्थानकातून ठरलेल्या वेळी शहर बस सुटली पाहिजे, पंचायतीच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांच्या पोरांना तिथे फुकट सोडले पाहिजे. बिंबिसाराने पाहिले होते तेच महापालिकेने पाहावे. फार दूर नको, आणि येईल त्याला येता यावे.

हे मागणे म्हणजे मेहेरबानी नाही. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या जोडीला सार्वजनिक राबत्याच्या जागा असे शब्द आहेत. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून तिथे कुणाला अडवता येणार नाही. राबता म्हणजे वर्दळ, येजा. बाग ही राबत्याची जागा आहे. जातीवरून अडवता येत नाही म्हटल्यावर तिकिटावरून अडवण्याची युक्ती निघते, ती कलमात सापडत नाही, कारण तिकिटावर जात लिहिलेली नसते.

संध्याकाळी फाटक बंद व्हायची शिट्टी झाली. आक्कांना उठवले. त्यांनी आजूबाजूची वाळकी पाने उगाच हाताने गोळा करून झाडाच्या बुंध्याशी सारली. सवय. नातीला शेवटपर्यंत तांबट दिसला नाही आणि हंसही दिसला नाही. तिला खाली पडलेले राघूचे एक हिरवे पीस सापडले, ते तिने पुस्तकात ठेवले. बाहेर आलो तर सगळा गोंगाट फाटकातच उभा होता. श्रीरामपूरची गाडी दीड तास उशिरा लागली. प्रवरासंगमचा पूल ओलांडला तेव्हा अंधार झालेला होता, पाणी दिसले नाही. पोरे झोपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी अंगणात दात घासत होतो. आक्का डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात खुरपे घेऊन पेरूच्या बागेकडे निघालेल्या. मला पाहून थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, ते झाड कसलं हुतं वो? काल म्या ज्याच्याखाली निजले ते?" मला ते झाड ओळखता आले नव्हते. पुढच्या खेपेला विचारून येतो म्हणालो.